‘बंद करून सोडली’: नवले पुलाच्या उतारावर वाचवलेल्या डिझेलचा हिशेब

२० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. साताऱ्याकडून मुंबईच्या दिशेने निघालेला एक मालट्रक कात्रजचा नवा बोगदा ओलांडून पुण्याच्या उतारावर आला आणि नवले पुलाजवळ पुढे चाललेल्या वाहनांमध्ये घुसला. अग्निशमन दलाकडून आलेल्या पहिल्या माहितीत नुकसान झालेल्या वाहनांचा आकडा ४८ होता, पोलिसांनी नंतर दिलेला आकडा त्याहून बराच कमी होता. बहुतेक मोटारीच होत्या. अनेक जण जखमी झाले, जीव मात्र कुणाचा गेला नाही. त्या रात्री सगळ्यांच्या तोंडी ‘ब्रेक फेल’ होते. प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितले ते वेगळेच: डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते.

ट्रकवाल्यांच्या भाषेत याला गाडी ‘बंद करून सोडणे’ म्हणतात. इंजिन चालू ठेवून फक्त गिअर काढला तर ‘न्यूट्रल मारणे’. सवय जुनी आहे, मुंबई-बंगळूर महामार्गापुरती नाही, आणि ट्रकपुरतीही नाही. उतारावर दुचाकीची चावी फिरवून घरंगळत जाणारे पुण्यात रोज दिसतात. नवले पुलाचे प्रकरण सविस्तर पाहायचे ते यासाठी की इथे रस्ता, गाडी, पगाराची पद्धत आणि भोवतालची वाहतूक या चारही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

मोह कुठे होतो

साताऱ्याकडून येताना खेड शिवापूरचा टोलनाका सोडला की शिंदेवाडीपासून बोगद्यापर्यंत चढ आहे. भरलेली गाडी इथे खालच्या गिअरमध्ये कण्हत चढते आणि डिझेल भरपूर पिते. चालक हे ऐकत आणि काट्यावर पाहत असतो. बोगदा संपला की तोच रस्ता जांभूळवाडी, दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, नऱ्हे असा करत नवले पुलापर्यंत सलग उतरतो. चढावर गेलेले डिझेल उतारावर ‘वसूल’ करायचा विचार नेमका या ठिकाणी मनात येतो, आणि रस्ता रुंद, गुळगुळीत असल्याने तो बिनधोकही वाटतो. वळणावळणाच्या घाटात जी भीती हात धरते, ती इथे नसते.

पण हा उतार मोकळ्या रानात संपत नाही. तो नऱ्हे, आंबेगाव, वडगाव बुद्रुकच्या वस्तीत संपतो. सेवारस्त्यावरून मोटारी आत येत असतात, रिक्षा थांबलेल्या असतात, दुचाकीवाले डावीकडून उजवीकडे सरकत असतात. वेग सर्वांत जास्त होतो तिथेच वाहतूक सर्वांत दाट.

किती वाचते?

चालकाच्या बाजूने प्रामाणिक हिशेब करू. मध्यम ट्रकचे इंजिन नुसते चालू ठेवले, म्हणजे आयडलिंगला, तर तासाला ढोबळमानाने दोन ते तीन लिटर डिझेल जाते. पाच किलोमीटरचा उतार ताशी ४० ने उतरायला साडेसात मिनिटे लागतात. तासाला अडीच लिटर धरले तर इंजिन बंद ठेवून वाचले सुमारे ३०० मिलिलिटर, म्हणजे लिटरला ९० रुपये भावाने २७-२८ रुपये. एका फेरीत असे चार उतार मिळाले तर शंभराची नोट. ज्याला रोजच्या जेवणाचा हिशेब ठेवावा लागतो त्याला ही रक्कम क्षुल्लक नाही, हे आधी मान्य केले पाहिजे.

आता यातली खोच. ही बचत ‘न्यूट्रलमध्ये चालू इंजिन’ या स्थितीशी तुलना करून काढली आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात. कॉमन रेल इंजिनाचा, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या इंजिनाचा, संगणक अशा वेळी इंजेक्टर (डिझेल फवारणाऱ्या तोट्या) बंद करतो आणि फेरे आयडलच्या जवळ येईपर्यंत एक थेंबही सोडत नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीतही फेरे आयडलच्या वर असताना पाय काढला की गव्हर्नर, म्हणजे फेरे आवरणारी यंत्रणा, पंपाचा रॅक (डिझेलचे प्रमाण ठरवणारी दांडी) शून्याकडे ओढून घेतो. म्हणजे गिअरमध्ये उतरणारा ट्रक जवळपास तेवढेच डिझेल वाचवतो जेवढे बंद करून सोडलेला वाचवतो. फरक इतकाच की त्याचे स्टिअरिंग आणि ब्रेक शाबूत असतात.

मग न्यूट्रलने ॲव्हरेज वाढते असे इतके चालक छातीठोकपणे का सांगतात? कारण एका ठिकाणी ते खरे आहे. उतार अगदी सौम्य असेल, गिअरमध्ये गाडी मंदावते आणि न्यूट्रलमध्ये जवळपास त्याच वेगाने पुढे जात राहते, तिथे इंजिनाचा अडसर काढल्याने थोडी बचत होते. नव्या ऑटोमेटेड गिअरबॉक्सच्या ट्रकमध्ये ‘इको-रोल’ नावाची सोय आहे, ती हेच करते. पण तिच्यात इंजिन चालू राहते, ती सौम्य उतारावरच चालते, आणि वेग ठरलेल्या हद्दीबाहेर गेला किंवा ब्रेकला पाय लागला की गिअर आपोआप पडतो. ज्या उतारावर वेग धरून ठेवायला ब्रेक दाबावा लागतो तिथे न्यूट्रलने काहीच हाती लागत नाही. गिअरने फुकट केले असते ते काम लायनर (चाकातल्या ड्रमवर घासणारे ब्रेकचे अस्तर) झिजवून करून घ्यायचे, एवढेच. नवले पुलाचा उतार दुसऱ्या प्रकारचा आहे.

अर्ध्या मिनिटात काय होते

त्या रात्रीच्या ट्रकचे नेमके वजन इथे महत्त्वाचे नाही. नमुन्यादाखल २५ टनांची गाडी आणि शंभर मीटरला चार मीटरचा उतार घेऊ. ताशी ४० ने चाललेली ही गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सोडली तर चाकांचे घर्षण वजा जाऊन दर सेकंदाला तिचा वेग ताशी एक किलोमीटरहून थोडा अधिक वाढतो. तीस सेकंदांत ती पंचाहत्तरीच्या आसपास असते. चालक मोबाइल कानाला लावतो, तंबाखू मळतो, आरशात पाहतो, तेवढी ही वेळ. आणि वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते.

ताशी ४० हाच वेग ब्रेकने धरून ठेवायचा म्हटले तरी या उतारावर ब्रेकना सतत ८५ किलोवॉटच्या आसपास उष्णता जिरवावी लागते. घरातला पाणी तापवायचा २ किलोवॉटचा गीझर डोळ्यांसमोर आणा. असे चाळीसहून जास्त गीझर सात-साडेसात मिनिटे चालू, आणि ती सगळी उष्णता सहा-आठ ड्रममध्ये. गिअर घातला असता तर तिचा मोठा वाटा इंजिनाने आणि एक्झॉस्ट ब्रेकने (धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच वेग धरणारी सोय) घेतला असता. न्यूट्रलमध्ये एक्झॉस्ट ब्रेकचे बटण दाबून उपयोग नाही, कारण चाके आणि इंजिन यांचा संबंधच तुटलेला असतो.

यापुढे बिघाड एकाच्या मागे एक असे येतात, आणि पहिला येईपर्यंत सगळे ठीक वाटते, हीच यातली फसगत. इंजिन बंद होताच पॉवर स्टिअरिंगचा पंप थांबतो. सरळ रस्त्यावर हे कळत नाही, एखादी मोटार आडवी आली की कळते. चाक फिरते, पण दोन्ही हातांचा जोर लावून, आणि उशिरा. चावी पार मागे फिरवली किंवा काढली तर बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचे कुलूपही पडू शकते.

दुसरा बिघाड हवेचा. एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. टाकीत साधारण ८ बार (बार हे दाबाचे माप) हवा असते, त्यामुळे पहिले काही दाब उत्तम लागतात आणि चालकाला वाटते की बंद गाडीचेही ब्रेक चांगले आहेत. प्रत्येक दाबाला थोडी हवा बाहेर जाते, परत भरली जात नाही. आठ-दहा जोरदार दाबांनंतर पेडलखाली पूर्वीची ताकद राहत नाही. काटा ५ बारच्या आसपास आला की बझर वाजतो, तोपर्यंत उतार निम्मा झालेला असतो आणि वेग वाढलेला. हवा आणखी उतरली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप धरू लागतात, पण त्यांनाही तेच तापलेले ड्रम वापरायचे असतात.

तिसरा बिघाड उष्णतेचा. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. ब्रेक चेंबरच्या, म्हणजे हवेने ब्रेक ढकलणाऱ्या डब्याच्या, दांड्याला जास्त अंतर पुढे यावे लागते. स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर नीट ठेवणारे भाग) आधीच ढिले असतील तर दांडा टोकाला पोहोचतो आणि लायनर ड्रमवर पुरेसा दाबलाच जात नाही. शिवाय लायनरचे घर्षण तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने घटते. जळका वास, चाकाजवळ निळसर धूर ही त्याची खूण. लहान टेम्पो आणि मोटारींत हवेऐवजी ब्रेक ऑइल असते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल २०५ अंशांना उकळते, पण ओलावा शोषलेले जुने तेल १४० अंशांच्या आसपासच उकळू शकते. त्यात वाफ झाली की पेडल थेट तळाला जाते.

तपासात नेहमी निर्माण होणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. अपघातानंतर गाडी थंड झाली, इंजिन सुरू करून हवा भरली, की ब्रेक पुन्हा लागतात. ड्रम आकसलेला असतो, काटा ८ वर असतो. चालक म्हणतो ब्रेक लागला नाही, तपासणीत ब्रेक चांगला निघतो, आणि दोघेही खरे असू शकतात. म्हणून उतारावरच्या अपघातात ब्रेकची चाचणी घेण्याआधी तीन नोंदी व्हायला हव्यात: गिअरची दांडी कुठे होती, चावी कोणत्या खुणेवर होती, आणि लायनर व ड्रमचा रंग कसा आहे. निळा पडलेला ड्रम आणि काचेसारखा चकाकणारा लायनर सगळी हकिकत सांगतात.

आणि परत गिअर टाकू म्हटले तर? ताशी ७० ने घरंगळणाऱ्या गाडीचा तिसरा-चौथा गिअर पडत नाही. इंजिनाचे आणि चाकांकडच्या शाफ्टचे फेरे इतके वेगळे असतात की दात फक्त करकरतात. डबल क्लच करून (मध्ये न्यूट्रलला थांबून दोनदा क्लच दाबून), ॲक्सिलरेटर देऊन वरचा गिअर घालता येतो, पण त्यासाठी आधी इंजिन चालू लागते आणि डोके शांत. त्या वेळी दोन्ही नसतात.

बोगद्याच्या तोंडाशी करायचे काम

उतरायचा गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच ठरतो. जुने चालक सांगतात तो नियम उत्तम आहे: ज्या गिअरमध्ये चढली, त्याच गिअरमध्ये उतरवा. आताची इंजिने ताकदवान असल्याने चढ वरच्या गिअरमध्ये निघून जातो, म्हणून त्याहून एक खाली धरलेला बरा. सहा गिअरच्या भरलेल्या ट्रकला या उतारावर तिसरा किंवा चौथा. बोगद्यातून बाहेर पडण्याआधी हवेचा काटा पाहायचा, तो पूर्ण नसेल तर सुरक्षित जागा पाहून डावीकडे थांबून भरू द्यायचा. एक्झॉस्ट ब्रेक चालू. इंजिनाचे फेरे काट्यावरच्या लाल पट्ट्याच्या खाली पण बऱ्यापैकी वर ठेवायचे, कारण फेरे जास्त तर इंजिनाची पकड जास्त. इंजिन ओरडते म्हणून डिझेल जळते असे नाही. पाय वर असेल तर तो आवाज नुसत्या हवेचा असतो, हे चालकाला एकदा कुणीतरी समजावून सांगायला हवे.

ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. ४० ही मर्यादा मनाशी धरली तर काटा ४० वर येताच दोन-तीन सेकंद ठाम दाबून ३२ पर्यंत आणायचा आणि पूर्ण सोडायचा. पुन्हा ४० झाला की पुन्हा तसेच. मधल्या वेळात ड्रमला वारा मिळतो आणि टाकीत हवा भरते. हे दाब फार वारंवार लागू लागले तर गिअर एक वर राहिला आहे. अशा वेळी वेग पुरता खाली आणून, तोही लवकर, गिअर उतरवायचा.

गाडी हातची जात असेल आणि इंजिन बंद असेल तर पहिले काम चावी. न्यूट्रलमध्येच स्टार्टर मारायचा. इंजिन लागले की स्टिअरिंग हलके होते आणि कॉम्प्रेसर चालू होतो. मग मिळेल तो गिअर, मग पुढचा खालचा. ब्रेक पंप करत बसल्याने उरलेली हवा संपते, म्हणून एकच लांब, ठाम दाब द्यायचा. हँडब्रेकचा लिव्हर एका झटक्यात ओढला तर मागची चाके जाम होऊन ट्रक आडवा होतो, म्हणून तो टप्प्याटप्प्याने. हॉर्न आणि दिवे सतत चालू ठेवायचे, आणि जमेल तर डाव्या कठड्याला गाडी घासत न्यायची. पुढच्या मोटारींच्या रांगेपेक्षा कठडा केव्हाही बरा.

शेजारच्या लेनमधले लोक

या उतारावरचा शिष्टाचार ट्रकवाल्यापुरता नाही. खालच्या गिअरमध्ये ३५-४० ने उतरणारा ट्रक योग्य तेच करत असतो, आणि त्याच्यामागे हॉर्न लावून त्याला पळवणारा मोटारवाला त्याच्याकडून चूक करवून घेत असतो. ट्रकवाल्याने पुढे राखलेले पन्नास मीटरचे अंतर ही आपल्यासाठी सोडलेली जागा नव्हे. त्यात मोटार घुसवून ब्रेक दाबला की ट्रकवाल्याचा मोजूनमापून चाललेला उतार मोडतो आणि त्याला न ठरवलेला जोराचा ब्रेक मारावा लागतो. ओव्हरटेक करायचे असेल तर एका दमात, आणि पुढे गेल्यावर त्याच्या दोन्ही दिव्यांची जोडी आरशात दिसेपर्यंत त्याच्या लेनमध्ये यायचे नाही.

ट्रकवाल्याच्या बाजूने शिष्टाचार म्हणजे डावी लेन. ‘मोशन तुटायला नको’ म्हणून उजव्या लेनमध्ये ठाण मांडणे, किंवा ताशी दोन किलोमीटरच्या फरकाने दुसऱ्या ट्रकला ओलांडत दोन्ही लेन अडवणे, यात एकाचे पावशेर डिझेल वाचते आणि मागच्या पन्नास गाड्या ब्रेक आणि पुन्हा ॲक्सिलरेटर करत त्याच्या कितीतरी पट जाळतात. हाच न्याय मोटारींनाही. ताशी ४५ ते ५५ वेगाने गाडी चालवा, ८० च्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज मिळेल, असे पीसीआरए ही सरकारी इंधनबचत संस्था पूर्वापार सांगत आली आहे. सल्ला चांगला आहे, पण तो द्रुतगती मार्गाच्या उजव्या लेनसाठी नाही. ५० ने जायचे तर डावीकडून जावे.

दुचाकी बंद करून सोडणाऱ्यांना वाटते आपल्याकडे एअर ब्रेक नाही, मग अडचण काय? मागून ट्रक येताना दिसला तर निसटायला लागणारा जोर बंद इंजिनाकडे नसतो, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांचा पुढचा दिवाही इंजिनाबरोबर विझतो. बंद केलेल्या मोटारीत दोन-तीन दाबांनंतर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपून पेडल दगडासारखे होते. चावी मागे असेल तर एअरबॅगचाही भरवसा नाही.

मालकाच्या वहीत

चालकाला दोष देऊन फाईल बंद करणे सोपे आहे. मोटार वाहन कायद्याने धोकादायक वाहन चालवल्याचा गुन्हा, कलम १८४, त्याच्यावरच लागतो. पण बंद करून सोडण्याची सवय बहुतेक वेळा मालकाच्या वहीतून येते. फेरीला ठरावीक डिझेल किंवा ठरावीक रक्कम द्यायची, उरले ते चालकाचे, कमी पडले तर पगारातून कापायचे, ही पद्धत जिथे आहे तिथे प्रत्येक उतार म्हणजे चालकाला कमाईची संधी वाटणार. २०२२ नंतर या पट्ट्यात रम्बलर (वेग कमी करायला लावणाऱ्या खडबडीत पट्ट्या) आले, वेगमर्यादेचे फलक आले, कॅमेरे आले. तरीही १३ नोव्हेंबर २०२५ ला याच भागात कंटेनरच्या धडकेने आग लागून माणसे गेली. त्या अपघाताची कारणे वेगळी असतील, पण रस्त्यावरच्या उपायांनी सगळे भागत नाही एवढे त्यातून दिसते.

मालकाला खरोखर डिझेल वाचवायचे असेल तर जागा दुसऱ्या आहेत. धाब्यावर अर्धा तास इंजिन चालू ठेवले तर लिटरभराहून अधिक जाते, म्हणजे या उताराच्या ‘कमाई’च्या तिप्पट-चौपट. टायरची हवा थंड असताना दर आठवड्याला मोजणे, एअर फिल्टर वेळेवर बदलणे, ताडपत्री फडफडणार नाही अशी बांधणे, सपाट रस्त्यावर ७५ ऐवजी ६० ने जाणे, सिग्नल किंवा कोंडी दुरून दिसताच गिअरमध्येच पाय काढणे, यांतली प्रत्येक गोष्ट कुणाचा जीव धोक्यात न घालता ॲव्हरेज वाढवते.

हिशेब फेरीऐवजी महिन्याचा ठेवावा, टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचा, आणि त्याच मार्गावर तेवढाच माल नेणाऱ्या गाड्यांशी तुलना करून. डिझेल कमी पडल्यास पगारातून कापणे बंद करावे. बऱ्याच गाड्यांत जीपीएस बसवलेला असतो. त्यात इग्निशन बंद असताना वेग शून्याहून जास्त असल्याची नोंद वेगळी काढता येते. ती नोंद दर सोमवारी पाहावी, ज्या गाडीची सापडेल तिचे लायनर आणि स्लॅक त्याच दिवशी उघडून तपासावेत, आणि चालकाला बोलावून ३०० मिलिलिटरचा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडावा.